वस्तादाची जागा



या व्याख्यानाच्या संयोजकांनी विषय निवडायची मोकळीक दिली, तेव्हा मी खेळाडूच्या उत्तरायुष्याचा विषय घेतला. मैदान सुटल्यावर खेळाडूचं काय होतं, यावर आपल्याकडे हळहळ पुष्कळ होते. जुन्या पैलवानाची दैना, निवृत्तिवेतनासाठीची वणवण, माळ्यावर धूळ खात पडलेली गदा अशा बातम्या अधूनमधून येतात. आपण चुकचुकतो आणि पान उलटतो. आज मला त्या दैनेपेक्षा खेळाडूने कमावलेल्या विद्येबद्दल बोलायचं आहे. वर्षानुवर्षं अंगात मुरलेली विद्या पुढच्या पोराच्या अंगात उतरवायची तर एक जागा लागते, रोज पहाटे उघडणारं दार लागतं. ज्याला ती जागा मिळाली त्याच्यामागे पठ्ठ्यांची रांग उभी राहिली. ज्याला मिळाली नाही, त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली.

आपल्या मुलखात या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. एक माणूस कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचा, खाशाबा दादासाहेब जाधव. दुसरा शिराळा तालुक्यातल्या पुनवतचा, गणपतराव आंदळकर. आज आपण एकाला साताऱ्याचा म्हणतो आणि दुसऱ्याला सांगलीचा. पण खाशाबा १९२६ साली आणि आंदळकर १९३५ साली जन्मले, तेव्हा ही दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातच होती. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. म्हणजे ही एकाच मुलखाची दोन माणसं. दोघांनीही देशाच्या नावावर पदकं आणली, दोघांनीही कोल्हापुरात विद्या घेतली. पुढच्या वाटा मात्र फार वेगळ्या झाल्या.

त्या वाटांकडे वळण्याआधी थोडं लांब जाऊ. अमेरिकेत बेसबॉलला तिथल्या लोकांच्या मनात जे स्थान आहे, ते इथे कुस्तीला आहे. त्या खेळात जॅक कूम्ब्स नावाचे पिचर होऊन गेले. १९१० च्या मोसमात त्यांनी फिलाडेल्फियाच्या संघाला ३१ सामने जिंकून दिले आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये तीन सामने जिंकले. चेंडूफेकीचे दिवस संपल्यावर १९२९ साली ड्यूक विद्यापीठाने त्यांना आपल्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक केलं आणि १९५२ पर्यंत ते तिथेच राहिले. दरवर्षी नवी मुलं यायची, जुनी पदवी घेऊन जायची, कूम्ब्स जागेवरच. त्यांनी बेसबॉलवर पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यांच्या हाताखालची मुलं व्यावसायिक संघांत पोचली आणि विद्यापीठाच्या मैदानाला त्यांचंच नाव मिळालं. मला या गोष्टीत महत्त्वाची वाटते ती त्या विद्यापीठाची समज. चांगला खेळणारा माणूस खेळ थांबवतो, तेव्हा त्याला खरी किंमत येते, हे त्यांनी ओळखलं आणि त्याला पगार, मैदान आणि वेळ दिला.

ज्या १९५२ साली कूम्ब्स निवृत्त झाले, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हेलसिंकीला खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. ही गोष्ट तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे, त्यामुळे आता दरवर्षी भाषणंही होतात. मी ती कथा पुन्हा सांगणार नाही. त्यातले शिकवण्या-शिकण्याचे धागे तेवढे उचलतो.

वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. पहिले धडे घरातच मिळाले. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण आणि सोबत गावोगावच्या जत्रांतली मैदानं. तिथून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगाने लहान, उंचीने बेताचे. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा क्रीडा शिक्षकांनी त्यांची अंगकाठी बघून नाव घेतलं नाही, असं सांगितलं जातं. पोरगा प्राचार्यांकडे गेला, परवानगी आणली आणि त्या स्पर्धेत आपल्याहून थोराड मल्लांना पाडलं. शिक्षकाच्या नजरेत काय असावं लागतं, हे या एका प्रसंगातून कळतं. शरीर कुणालाही दिसतं. त्या शरीरात चपळाई किती आणि डोकं किती, हे बघणारा निराळा असतो. त्याच कॉलेजच्या काळात खाशाबांना गोविंद पुरंदरे यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले आणि मातीतला पोरगा आंतरराष्ट्रीय कुस्तीकडे वळला.

खाशाबांचा डाव ढाक. विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ढाक हा शब्द हलगीच्या कडकडाटात समालोचकाच्या तोंडून ऐकला असेल. तालमीत तो कसा शिकवतात ते सांगतो, कारण आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. समोरच्याची मान एका हाताने आवळून धरायची. ती धरलेली असतानाच पाय आत टाकून वळायचं आणि आपला खुबा त्याच्या पोटाखाली न्यायचा. मग त्याला कंबरेवरून घेऊन पाठीवर आपटायचं. बोलायला हे चार सेकंद. शिकायला मात्र महिने जातात. नवशिक्या पोराचं सगळं लक्ष हातात असतं. मान घट्ट धरली की डाव लागला असं त्याला वाटतं. हौदाच्या काठावर बसलेला वस्ताद त्याच्या हाताकडे बघतच नाही. त्याची नजर पोराच्या खुब्यावर असते. खुबा आत गेला नाही, दोन बोटं बाहेर राहिला, तर समोरचा अलगद पाठीमागे जातो आणि ज्याने डाव टाकला त्याच्याच अंगावर सवारी येते. वस्ताद ‘अजून आत’ एवढंच म्हणतो. पोरगा पुन्हा उभा राहतो, माती झटकत नाही, पुन्हा मान धरतो. ‘अजून आत.’ कधीतरी वस्ताद स्वतः उठतो, धोतराचा सोगा खोचतो, पोराच्या कमरेला हात लावून तिला नेमक्या जागी नेतो आणि सोडून देतो. ज्याने शेकडो मल्लांवर स्वतः ढाक टाकली आहे, त्याच्याच हाताला ती जागा ठाऊक असते. पुस्तकातल्या आकृतीत ती दाखवता येते, पोराच्या अंगाला कळवता येत नाही.

१९४८ ला लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. गादीवर कुस्ती खेळायचा त्यांचा तो पहिलाच मोठा प्रसंग. मातीत पाय रुततो, पकड मिळते, वेळेचं बंधन सैल असतं आणि पाठ लागली की निकाल. गादीवर घड्याळ असतं, गुण असतात, वजनाचे गट असतात आणि पाय घसरतो. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना तिथले बारकावे समजावले आणि फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. एका परदेशी माजी खेळाडूचं थोड्या दिवसांचं मार्गदर्शन कुठे नेऊ शकतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं.

पुढची चार वर्षं त्यांनी गादीची विद्या आत्मसात करण्यात घालवली आणि वजन एक गट वर नेलं. हेलसिंकीसाठी निवड होताना अडथळे आले. पतियाळाच्या महाराजांना पत्र लिहून त्यांनी दाद मागितली आणि निवडीची कुस्ती पुन्हा लढून जिंकली. प्रवासाच्या पैशासाठी गावाने वर्गणी काढली, कराडच्या व्यापाऱ्यांनी हात दिला आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चीतपट केलं, जर्मनीच्या मल्लाला गुणांवर हरवलं. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव यांच्याकडून ते हरले. त्या दोघांनीच सुवर्ण आणि रौप्य नेलं. दमवून टाकणाऱ्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं गेलं आणि त्यांच्या बाजूने नियम दाखवून भांडायला भारतीय पथकातलं जबाबदार कुणी तिथे नव्हतं. प्रशिक्षक म्हणजे फक्त डाव शिकवणारा नव्हे, ऐनवेळी आपल्या मल्लाच्या बाजूने उभा राहणारा माणूसही लागतो, ही खूणगाठ त्याच दिवशी बांधायला हवी होती.

परत आल्यावर बैलगाड्यांची भलीमोठी मिरवणूक निघाली. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं ऋण फेडलं. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो तो याच ठिकाणी. पदकाचा पहिला उपयोग त्यांनी शिक्षकाचं घर सोडवायला केला.

त्यानंतर १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चं मेलबर्न हुकलं. पुढे पावशतकाहून जास्त काळ पोलीस खात्यात नोकरी. तिथे पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, काही काळ क्रीडा मार्गदर्शकाचं कामही केलं. बढती मात्र फार उशिरा मिळाली. १९८३ मध्ये सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी.

नोकरी त्यांना हवीच होती, घर चालवायचं होतं, आणि पोलीस खात्याने त्यांना भाकरी दिली. तक्रार त्या खात्याबद्दल नाही. हिशेब वेगळाच आहे. हेलसिंकीनंतर ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक यायला भारताला १९९६ उजाडावं लागलं; ते आलं टेनिसमध्ये. कुस्तीतलं पुढचं पदक २००८ चं, बीजिंगमध्ये सुशीलकुमारचं. म्हणजे छप्पन वर्षं. या छप्पनपैकी बत्तीस वर्षं ऑलिम्पिकच्या गादीवर पदक कसं मिळवायचं हे स्वतः करून बघितलेला एकमेव भारतीय माणूस आपल्या महाराष्ट्रात होता. धडधाकट, शिस्तीचा, शिकलेला आणि शिकवायची इच्छा असलेला. त्याला एक हॉल, एक गादी, वीस पोरं आणि पगार देऊन एका जागी बसवावं, असं ना विद्यापीठाला सुचलं ना सरकारला. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झालं, तेव्हा खाशाबांचं वय छत्तीस होतं. प्रशिक्षक व्हायला याहून योग्य वय कोणतं?

आता पुनवतच्या आंदळकरांकडे वळू. १९६० साली ते हिंदकेसरी झाले. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनच्या सर्वांत वरच्या वजनगटात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य अशी दोन पदकं त्यांनी आणली. त्याच जकार्तात मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी ९७ किलो गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य मिळवलं. नुकतंच सांगली हे नाव मिळालेल्या जिल्ह्यातल्या दोन शेतकऱ्यांच्या पोरांनी एका स्पर्धेतून चार पदकं आणली, हे मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे, कारण या सभागृहातल्या अनेक मुलांना ते माहीत नसावं. मारुतीभाऊ १९६४ चे हिंदकेसरी. पुढे ते सार्वजनिक जीवनात गेले, राज्यसभेत पोचले. आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला भारताकडून खेळले, अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले आणि कुस्ती थांबवल्यावर ज्या तालमीत घडले त्या मोतीबागेतच वस्ताद म्हणून बसले.

कोल्हापूरची मोतीबाग तालीम तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. भवानी मंडपाच्या परिसरातली जुनी वास्तू, आत लाल मातीचा हौद. ती माती नुसती माती नसते. तेल, ताक, हळद, कापूर घालून ती कमावलेली असते, दर काही दिवसांनी उकरावी लागते, ओल राखावी लागते. पहाटे अंधारात पोरं उठतात, आधी माती खणतात, मग जोर, बैठका, मग जोड सोडल्या जातात. बहुतेक पोरं खेड्यातली, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन खुराकाचे पैसे पाठवलेली. अशा जागी वस्ताद म्हणजे शिक्षकही, पालकही आणि कधी कधी कोतवालही. कुणाचं दूध बंद झालं, कुणाला गावची ओढ लागली, कोण रात्री सिनेमाला पळाला, कुणाचा खांदा दुखतोय पण सांगत नाही, हे सगळं त्याला ठाऊक असावं लागतं. आबा म्हणून ओळखले जाणारे आंदळकर दशकानुदशकं या कामात राहिले.

त्यांच्या मोतीबागेतल्या पठ्ठ्यांत राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे दादू चौगुले होते. दादूंनी १९७० आणि १९७१ असं लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरीपद मिळवलं, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणलं. आणि मग दादू स्वतःच मोतीबागेत वस्ताद झाले. २०१८ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंदळकर गेले, पुढच्या वर्षी दादूही. गुरूची जागा शिष्याने घेतली आणि शिष्याची त्याच्या पठ्ठ्यांनी, तालीम एक दिवसही वस्तादाविना राहिली नाही. शाहू महाराजांनी या तालमींना आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं, त्याची फळं आपण शंभर वर्षांनीही खातो आहोत. राजाने जागा केली आणि पैलवानांनी ती भरत ठेवली.

दिल्लीकरांनीही हे केलं. सतपाल हे नाव आपल्या मैदानांना परकं नाही. महाराष्ट्रातल्या मल्लांशी त्यांच्या झालेल्या कुस्त्या जुने शौकीन आजही तपशीलवार सांगतात. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलेल्या सतपालांनी १९८८ पासून दिल्ली सरकारच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मुलं घडवायला घेतली. सुशीलकुमारचं बीजिंगचं कांस्य आणि लंडनचं रौप्य, योगेश्वर दत्तचं लंडनचं कांस्य या आखाड्यातून आलं. छप्पन वर्षांचा खंड तुटला तो एका माजी पैलवानाला सरकारी जागेत वीस वर्षं टिकून शिकवता आलं म्हणून. याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

कुस्तीच्या बाहेरही हेच दिसतं. सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांना ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांचं मार्गदर्शन मिळालं. कसोटीत २०० बळी घेणारा हा जगातला पहिला गोलंदाज, खेळून झाल्यावर भारतात शिकवायला आला होता. त्याच हजाऱ्यांनी १९४८ मध्ये ॲडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं केली आणि १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला तेव्हा ते कर्णधार होते. माधवनगरला वाढलेल्या स्मृती मानधनाला सांगलीतच अनंत तांबवेकर यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, म्हणून ती लहान वयात मुंबई-पुण्याला न जाता घडू शकली. आणि सातारा! २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे, उसाच्या रानालगतच्या मैदानावर शिकलेली. नागपूरचा मुलगा घर सोडून साताऱ्याला राहायला येतो, तो मैदान बघून येत नाही; मैदानं नागपुरातही आहेत. तो माणूस बघून येतो.

आता महाविद्यालयांकडे येतो. इथे मला थोडं स्पष्ट बोलावं लागेल, कारण मी स्वतः आयुष्यभर जिमखान्यांतच वावरलो आहे.

जून-जुलैत खेळाडूंच्या कोट्यातले प्रवेश सुरू होतात. एका वर्षी एक मुलगा अर्ज घेऊन आला. कान मोडलेले, मानेचा आकार सांगत होता की रोज हौदात उतरणारा आहे. त्याच्याबरोबर फेटा बांधलेला, साठीच्या पुढचा एक माणूस होता, तो दाराबाहेरच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना. मुलगा म्हणाला, आमचे वस्ताद आहेत. मी बाहेर जाऊन त्यांच्याशी बोललो. तारुण्यात त्यांनी आपल्या भागातली बहुतेक मोठी मैदानं गाजवली होती. आता पहाटे गावच्या तालमीत पोरांना शिकवतात, दिवसा दुसऱ्याच्या शेतावर राबतात. तालमीचं छप्पर गळतं, गादी नाही, विद्यापीठाची स्पर्धा गादीवर होते म्हणून पोरं तिथे कमी पडतात, एवढंच त्यांचं गाऱ्हाणं. आमच्या जिमखान्यात नवी कोरी गादी गुंडाळून ठेवलेली होती. ती अंथरून शिकवणारं कुणी नव्हतं. मी वस्तादांना सकाळी येऊन शिकवायला मानधनावर बोलवावं, असा प्रस्ताव दिला. उत्तर आलं की त्यांच्याकडे कोणतीही पदवी नाही, नियमात बसत नाही.

नियम मी समजू शकतो. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी लागते, नेट किंवा सेट लागते. ते योग्यच आहे. शरीरशास्त्र, आहार, दुखापती, उत्तेजकांचे धोके हे सगळं शिकलेला माणूस त्या खुर्चीवर हवा. १९६१ साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली, तिथून प्रशिक्षकाची पदविका घेतलेल्या मंडळींनी मोठं काम केलं आहे. पण संचालकाचं काम वेगळं आणि वस्तादाचं काम वेगळं. संचालकाने सगळे खेळ बघायचे, संघ पाठवायचे, हिशेब ठेवायचे, स्पर्धा भरवायच्या. त्याने ढाकही शिकवावी, भालाही शिकवावा आणि खोखोचा पोलही शिकवावा ही अपेक्षा चुकीची आहे. आणि आज कित्येक ठिकाणी संचालकाची खुर्चीच रिकामी आहे, तासिका तत्त्वावर कुणीतरी काम ओढतो आहे. अशा महाविद्यालयाला खेळाडू मिळतात ते तालमीने घडवलेले. प्रमाणपत्रावर नाव महाविद्यालयाचं येतं, घाम तालमीचा असतो. माझ्या मते हे तालमीवर अन्याय करणारं आहे आणि महाविद्यालयाला शोभणारं नाही.

शिक्षण आणि आखाडा या दोन वेगळ्या दुनिया आहेत ही समजूतच आपल्या भागात खरं तर टिकायला नको. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सुरू केले. खाशाबांच्या पदकात राजाराम कॉलेजचा वाटा किती होता ते आपण पाहिलं. १९५२ मध्ये एक प्राचार्य पैलवानासाठी घर गहाण टाकू शकतो, तर आजच्या महाविद्यालयांना पहाटे दोन तास एका वस्तादाला गादी उघडून देणं अवघड का वाटावं?

मुलींच्या बाबतीत तर घाई करायला हवी. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि मिरज तालुक्यातल्या तुंगच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्यानंतर गावोगावचे पालक मुलींना घेऊन तालमीच्या दारात यायला लागले. पण जुन्या तालमींत मुलींसाठी कपडे बदलायची खोली नाही, वेगळी वेळ नाही, शिकवणारी बाई नाही. महाविद्यालयांत यातल्या पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरीही येईल, पण त्यासाठी आज खेळणाऱ्या मुलींपैकी काहींना उद्या शिकवायला थांबवावं लागेल. लग्न, नोकरी, बदली यांत ती मुलगी हरवून गेली तर खाशाबांच्या बाबतीत जे झालं तेच पुन्हा होईल.

म्हणून व्यासपीठावरच्या मंडळींपुढे मी काही साध्या गोष्टी ठेवतो. या महाविद्यालयाने आपल्या परिसरातल्या जुन्या खेळाडूंची एक यादी करावी: कोण काय खेळलं, आता कुठे आहे, शिकवायची तयारी आहे का. त्यातल्या एका-दोघांना अतिथी प्रशिक्षक म्हणून मानधनावर बोलवावं. पैसा जिमखान्याच्या निधीतून आणि माजी विद्यार्थ्यांकडून उभा राहू शकतो. गावजत्रेतल्या एका मोठ्या कुस्तीच्या इनामाएवढी रक्कम वर्षभराच्या मानधनाला पुरेल. विद्यापीठाने अशा अनुभवी खेळाडूंसाठी छोटा अभ्यासक्रम काढावा, मराठीतून, दुखापती आणि नियमांपुरता, म्हणजे पदवीची अडचण अर्धी सुटेल. आणि नेमणूक एका वर्षाची नको, निदान पाच वर्षांची हवी. पोरगा बारावीला येतो आणि पदवी घेऊन जातो तोवर वस्ताद बदलता कामा नये.

गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने कुस्ती संकुल पूर्ण व्हावं, ही मागणी फार जुनी आहे आणि ती रास्त आहे. पण संकुलाबद्दल बोलताना आपण छत, गादी, वसतिगृह आणि पुतळा यांचीच चर्चा करतो. तिथे पहाटे पाचला कोण उभं असेल, त्याला किती पगार, किती वर्षांची हमी, राहायला घर आहे का, हे प्रश्न पहिल्याच बैठकीत निघायला हवेत. मी या प्रश्नांची एक टिपण तयार करून आणलं आहे, ते प्राचार्यांकडे देतो. आज इथे आलेल्या वस्तादांनी व्याख्यानानंतर जिमखान्यात यावं. गादी अंथरायला सांगितली आहे, आणि आपल्या पंधरा-वीस मुलामुलींना तुमच्याकडून काय शिकता येईल ते आजच ठरवू.